गराजचं किचन सगळ्यात शेवटी

पत्र: ताई, आम्ही तुलूझच्या बाहेर 1974 सालचं घर घेतलंय, 95 स्क्वेअर मीटर आणि त्याला चिकटून 18 मीटरचं गराज. नवरा विमानाच्या कंपनीत आहे, माझं राहण्याचं कार्ड तालाँ-फामीयचं, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे कुटुंबाला मिळणारं आहे, फ्रान्समध्ये येऊन सात वर्षं झाली. मी ओळखीत डबे आणि दिवाळीचा फराळ करून देते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे खात्यात नाहीतर हातात. आता गराजचं मोठं किचन करून नीट धंदा करायचाय. आणि वरचं बाथरूम फोडून बादलीने आंघोळ करता येईल असं करायचंय, सासूबाई-सासरे दर उन्हाळ्यात येतात. एका कंपनीने दोन्हीचं मिळून 27,000 युरोचं दव्ही, म्हणजे कोटेशन दिलंय. नवऱ्याच्या मित्राच्या ओळखीतला एक माणूस, आपल्याकडचाच, 14,000 मध्ये करतो म्हणतोय, बिल नाही, 6,000 आधी कॅश. नवरा म्हणतो त्यालाच देऊन टाकू. बाबा कोल्हापूरहून 20 लाख पाठवणार आहेत, ते कसे घ्यायचे तेही कळत नाहीये. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर:

अगं, झोप लागत नाही कारण तुला आतून माहितीये की हे बरोबर नाही. तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत पण पहिला सुटल्याशिवाय बाकीच्यांना हात लावता येत नाही, म्हणून तिथूनच सुरू करते. कॅशवाल्याला नाही म्हण. थोडं काम त्याला थोडं कंपनीला असंही नको, पूर्ण नाही. तुझ्या नवऱ्याला 13,000 युरो वाचताना दिसतायत आणि त्याचं चुकत नाही, घर नुकतंच घेतलंय, हप्ता चालू आहे, पण तो फक्त आजचा आकडा बघतोय.

फ्रान्समध्ये बांधकाम करणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी असते, देसेनाल म्हणतात तिला, आणि तिचा विमा काढणं त्याला कायद्याने सक्तीचं आहे, 1978 च्या कायद्यापासून. म्हणजे वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चार वर्षांनी फुटलं आणि खालच्या हॉलचं छत उतरलं तर तू त्याच्या विमा कंपनीला गाठू शकतेस, तो माणूस धंदा बंद करून गेला असला तरी. कॅशमध्ये बिलाशिवाय केलेल्या कामाला हे काहीच नाही. तो फोन उचलायचा बंद झाला की विषय संपला, कारण तू कोर्टात काय दाखवणार, काम त्याने केलं याचाच कागद नाही.

आणि दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. बिल न देता, नोंदणी न करता काम करणं हा इथे गुन्हा आहेच, पण माहीत असून असं काम करून घेणाराही त्यात येतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 45,000 युरोपर्यंत दंड लिहिलाय कायद्यात. 5,000 युरोच्या वरच्या कामात समोरच्याची नोंदणी न तपासता काम दिलं तर त्याने बुडवलेले कर आणि सोशल कॉन्ट्रिब्यूशन तुमच्याकडून वसूल करता येतात. त्याचा एखादा माणूस शिडीवरून पडला तर? मला ही भीती सगळ्यात मोठी वाटते, त्या माणसासाठीसुद्धा, कारण असं काम करणारी पोरं बरेचदा आपल्याच देशातून आलेली असतात आणि त्यांच्यामागे कोणी नसतं. शिवाय फ्रान्समध्ये राहणाऱ्याने व्यावसायिकाला 1,000 युरोच्या वर कॅश देणं हेच मुळात नियमात बसत नाही, तो तर 6,000 मागतोय तेही काम सुरू व्हायच्या आधी.

घर दहा वर्षांच्या आत विकायला काढलंत तर नोटेर, म्हणजे खरेदीखत करणारा अधिकारी, विचारणार, काय काय कामं केली, कोणी केली, विम्याचे कागद कुठायत. तेव्हा हे 13,000 परत डोळ्यासमोर येतील.

आता 27,000 वाल्याकडे वळू, कारण कॅशवाला वाईट म्हणून हा आपोआप चांगला होत नाही. तू पाठवलेल्या फोटोत मला दिसतंय की त्याच्या दव्हीवर "किचन, फॉर्फे" आणि "बाथरूम, फॉर्फे" (फॉर्फे म्हणजे ठोक रक्कम) अशा दोन ओळी आणि समोर आकडे. हे नाही चालणार. प्रत्येक कामाची वेगळी ओळ पाहिजे, किती मीटर टाइल, कोणतं वॉटरप्रूफिंग, कोणता नळ, तोडफोडीचा कचरा कोण नेणार, काम कधी सुरू आणि किती आठवड्यात पूर्ण. तारीख लिहून घेच, नाहीतर जूनमध्ये बाथरूम फोडतील आणि ऑगस्टमध्ये सगळे सुट्टीवर जातील, अर्धा देश बंद असतो तेव्हा, आणि तुझे सासूबाई-सासरे आलेले असतील. अशी निदान तीन दव्ही घे. इथले आर्तिझाँ, म्हणजे अशी कामं घेणारे कारागीर, इमेलला सहसा उत्तर देत नाहीत, फोन कर, सकाळी साडेसात-आठला, आणि घर बघायला आले की कॉफी दे, पाच मिनिटं बोल, त्यावरून माणूस कळतो.

प्रत्येकाचा सिरेत नंबर, म्हणजे धंद्याचा नोंदणी नंबर, चौदा आकडी असतो तो, सरकारच्या आन्युएर देझ आँत्रप्रीझ या कंपन्यांच्या वेबसाइटवर टाकून बघ. फुकट आहे. कंपनी चालू आहे का, कधी सुरू झाली, कुठल्या कामाची म्हणून नोंदली आहे, सगळं दिसतं. मग देसेनालचं आतेस्तासियाँ, म्हणजे विम्याचं प्रमाणपत्र माग, आणि ते घेतल्यावर दोन गोष्टी वाच. एक, तारीख, तुझं काम सुरू होईल त्या दिवशी विमा चालू आहे का. दोन, कामांची यादी, आणि इथे फार लोक फसतात, कारण विमा सगळ्या कामांचा नसतो, यादीतल्याच कामांचा असतो. टाइल लावायचा विमा आहे पण वॉटरप्रूफिंगचा नाही असं असेल तर तुझ्या बाथरूमला त्याचा काही उपयोग नाही. शंका आली तर कागदावरच्या विमा कंपनीला सरळ फोन लाव.

पैसे देताना आकाँत, म्हणजे आगाऊ रक्कम, साधारण 30 टक्के, मग कामाच्या टप्प्याप्रमाणे. कागदावर आकाँत लिहिलंय का आर लिहिलंय ते बघ, दोन्ही आगाऊच पण नियम वेगळे. आर असेल तर तू मागे हटलीस की ते पैसे गेले, आणि तो मागे हटला तर त्याने दुप्पट परत द्यायचे. आकाँत असेल तर दोघंही बांधलेले, सहज सुटका नाही. शेवटचे 5 टक्के, काम ताब्यात घेताना दिसलेले दोष दुरुस्त होईपर्यंत, राखून ठेवता येतात पण ते करारात आधी लिहायला लागतं, आणि ती रक्कम दोघांना मान्य अशा तिसऱ्याकडे जमा ठेवायची असते. काम संपल्यावर रेसेप्सियाँचा, म्हणजे काम ताब्यात घेतल्याचा कागद असतो, त्यावर सही करायच्या आधी प्रत्येक नळ सोड, प्रत्येक दिवा लाव, शॉवरमध्ये बादलीभर पाणी ओत आणि उतार कुठे जातोय ते बघ, जे चुकीचं दिसेल ते तिथेच लिही. सगळ्या गॅरंटी त्या तारखेपासून मोजल्या जातात. पहिल्या वर्षात जे काही दोष निघतील ते त्याने दुरुस्त करून द्यायचे, दोन वर्षं नळ, हीटरसारख्या सुट्या उपकरणांची, दहा वर्षं मोठ्या नुकसानीची.

टीव्हीएबद्दल, म्हणजे आपल्या जीएसटीसारख्या कराबद्दल, थोडक्यात. घर दोन वर्षांपेक्षा जुनं असलं की राहत्या घराच्या दुरुस्तीला 20 च्या ऐवजी 10 टक्के लागतो, ऊर्जा वाचवणाऱ्या काही कामांना साडेपाच. पण हा दर आर्तिझाँच्या बिलातूनच मिळतो, तू स्वतः लरवा मर्लँसारख्या दुकानातून टाइल आणल्यास तर 20. फ्रिज, ओव्हन, इंडक्शन यांनाही 20. आणि गराज धंद्यासाठी असेल तर तसं त्याला आधीच सांग, खोटी माहिती देऊन कमी दर घेतला तर फरक तुमच्याकडून मागतात.

आता बाथरूम. हे पहिलं कर, गराजच्या आधी. इथल्या बहुतेक बाथरूममध्ये पाणी फक्त शॉवरच्या चौकोनात पडणार असं धरलेलं असतं, बाकीची फरशी ओली व्हायला बनवलेलीच नसते, तिथे खाली जाळी नाही, टाइलच्या खाली वॉटरप्रूफिंग नाही. आपली माणसं बादली-तांब्या घेऊन बसली की पाणी चारी दिशांना जातं आणि महिन्याभरात खालच्या खोलीच्या छताला डाग. म्हणून आर्तिझाँला नुसतं "दूश आ लितालियेन" सांगू नकोस, तो एक सुंदर काच लावून सपाट शॉवर करून देईल. त्याला स्पष्ट सांग की बसून बादलीने आंघोळ होणार, पाणी बाहेर उडणार, म्हणून पूर्ण फरशीला टाइलखालचं वॉटरप्रूफिंग हवं, भिंतीवरही ठरावीक उंचीपर्यंत, जमिनीत जाळी आणि तिकडे उतार. वरच्या मजल्यावर हे करताना जाळीखाली सायफन बसायला स्लॅबमध्ये जागा आहे का हे आधी बघावं लागतं, 1974 च्या घरात कधीकधी ती नसते आणि मग फरशी उचलावी लागते, म्हणजे दारात पायरी, आणि सासऱ्यांचे गुडघे. हा प्रश्न दव्हीच्या वेळी विचार, टाइल लागल्यावर नको. बसायला एक छोटा ओटा आणि भिंतीला धरायला दांडी आत्ताच लावून घे. प्लगपॉइंट शॉवरच्या कडेपासून 60 सेंटिमीटरच्या आत चालत नाही, नळ-बादलीच्या जागेजवळ तर अजिबात नको. आणि व्हीएमसी, म्हणजे हवा ओढणारा पंखा, चालू आहे का ते बघ. दाराखालची फट बंद करू नकोस, हवा तिथूनच आत येते.

एक गोष्ट राहायला नको. घर 1 जुलै 1997 च्या आधीच्या परवान्यावर बांधलेलं आहे म्हणजे कुठेतरी ॲसबेस्टॉस असू शकतं, जुन्या व्हिनाइलच्या फरशीत, तिच्या गोंदात, पाइपच्या आवरणात, गराजच्या छपराच्या पन्हाळी पत्र्यात. घर घेताना मिळालेल्या रिपोर्टमध्ये जे वरवर दिसतं तेवढंच तपासलेलं असतं. फोडाफोडीच्या आधी वेगळी तपासणी करून घ्यायची असते आणि ती काम देणाऱ्याने, म्हणजे तुम्ही. नीट काम करणारा आर्तिझाँ हा रिपोर्ट स्वतःहून मागतो. कॅशवाल्याने मागितला होता का? मुलं घरात आहेत का तू लिहिलं नाहीस, असतील तर हे अजिबात पुढे ढकलू नकोस.

गराजकडे येते. मला वाटतं गराज एक वर्षभर तसंच राहू दे. का ते सांगते.

बंद गराजचं राहण्याच्या किंवा कामाच्या खोलीत रूपांतर केलं आणि ती जागा 5 स्क्वेअर मीटरच्या वर असली की मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, डेक्लारासियाँ प्रेआलाब्ल (कामाची आधी द्यायची सूचना) टाकावं लागतं, बाहेरून एक वीट हलवली नाही तरी. गराजचं दार काढून खिडकी लावलीस तर दर्शनी भाग बदलतो, त्याचंही तेच, आणि त्याबरोबर जागेचा वापर घराऐवजी धंद्याचा झाला असं धरलं तर पूर्ण बांधकाम परवाना लागू शकतो, ते मेरीत विचार. डेक्लारासियाँच्या उत्तराची मुदत एक महिना, जवळ ऐतिहासिक वास्तू असेल तर दोन. मग घराबाहेर पाटी लावायची आणि तिथून दोन महिने शेजाऱ्यांना आक्षेप घेता येतो. हे सगळं जमण्यासारखं आहे. खरी अडचण दुसरीकडे येते. बऱ्याच गावांच्या पीएलयूमध्ये, म्हणजे बांधकामाच्या स्थानिक नियमांत, प्रत्येक घरामागे ठरावीक पार्किंग ठेवावंच लागतं, गराज गेलं तर गाडी आवारात कुठे उभी राहणार ते दाखवावं लागतं. आणि तुमचं घर लोतिस्माँमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत असेल तर तिथल्या नियमावलीत धंद्याला मनाई असू शकते, खरेदीखताबरोबर आलेला तो जाडा गठ्ठा काढ आणि वाच. मेरीच्या उर्बानिझ्म (नगररचना) विभागात अपॉइंटमेंट घेऊन घराचा नकाशा घेऊन जा, नुसतं विचार, अर्ज नंतर. तिथली माणसं विचारायला येणाऱ्याशी चांगली बोलतात असा माझा अनुभव आहे, आधी करून मग येणाऱ्याशी नाही.

पण समजा सगळी परवानगी मिळाली, तरी मी म्हणते थांब, कारण अजून तुला माहीत नाही की तुझा धंदा कोणता आहे. महिन्याला चाळीस डबे आहेत की आठवड्याला? लोकांना रोजची भाजी-पोळी हवीय की शनिवारची बिर्याणी आणि दिवाळीचा फराळ? दोन्हीला लागणारं किचन पूर्ण वेगळं. डब्याला मोठा फ्रिज आणि झटपट थंड करायची सोय, फराळाला मोठी कढई आणि भरपूर एक्झॉस्ट. आत्ता 15,000 घालून बांधलंस आणि चुकीचं निघालं तर फिरवता येत नाही. मोठ्या शहरांत तासावर किंवा दिवसावर भाड्याने मिळणारी प्रोफेशनल किचन असतात, स्टीलचे ओटे, चिलर, हूड सगळं तयार, तिथे एक वर्ष काम कर. कुठलं माप कमी पडतं, कुठे तू दिवसातून पन्नास वेळा चालतेस, हे हातांना कळेल आणि मग गराज तसं बांध.

धंद्याची नोंदणी मात्र आत्ता, या महिन्यात. जे चाललंय ते, अगं, ओळखीत असलं तरी विक्रीच आहे. पैसे घेऊन नियमित डबे देणं म्हणजे धंदा, आणि नोंदणी नसेल तर कॅशवाला जे करतोय तेच तूही करते आहेस. हे तुला दुखावण्यासाठी नाही लिहीत, तुझ्यासारख्या पुष्कळ बायका इथे अशाच सुरू करतात कारण कोणी सांगतच नाही. नोंदणी होईपर्यंत ऑर्डर थांबव.

तुझ्या कार्डावर धंदा चालतो, तालाँ-फामीयवर नोकरीही करता येते आणि स्वतःचं कामही. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, तुमचं कार्ड नुसतं सालारिये, म्हणजे नोकरीचं असेल, विद्यार्थी असेल, किंवा व्हिझिटर असेल तर हे तुम्हाला लागू नाही, आधी प्रेफेक्त्यूरमध्ये, म्हणजे कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीत विचारा.) मायक्रो-आँत्रप्रीझ, म्हणजे एकट्या माणसाचा छोटा धंदा, उघडायला इनपी या सरकारी संस्थेच्या गिशे युनीक वेबसाइटवर फॉर्म भरायचा, 2023 पासून सगळं तिथेच होतं, फी नाही. नोंदणीचे पैसे मागणारी पत्रं नंतर घरी येतील, सरकारी शिक्क्यासारखं काहीतरी छापलेलं असतं त्यावर, बरीचशी खोटी असतात, खात्री केल्याशिवाय एकालाही पैसे देऊ नकोस.

शिजवलेलं अन्न विकणं हे विक्रीच्या गटात धरतात, त्यामुळे युर्साफला, म्हणजे सोशल कॉन्ट्रिब्यूशन गोळा करणाऱ्या संस्थेला, विक्रीच्या 12.3 टक्के जातात, वर थोडी किरकोळ भर. 1,000 युरोचे डबे विकले तर 123 युरो. पण नीट समजून घे, हे नफ्यावर नाही, विक्रीवर आहे. तांदूळ, तूप, डबे, पेट्रोल, किचनचं भाडं, काही वजा होत नाही. म्हणून तुझ्या डब्याचा आत्ताचा भाव बहुतेक परवडणार नाही. सामानाचा खर्च, भाडं आणि तुझे तास मांडून बघ, आणि तुझे तास शून्य धरू नकोस, आपल्या बायका नेहमी तेच करतात आणि दोन वर्षांत थकून सोडून देतात. दर महिन्याला किंवा तिमाहीला विक्री जाहीर करायची, शून्य असली तरी शून्य लिहून. 85,000 युरोच्या खाली टीव्हीए लावायचा नाही, बिलावर मात्र टीव्हीए लागू नसल्याची "आर्तिक्ल 293 बे" ची ती ओळ लिहायची. पहिल्या वर्षी 31 डिसेंबरच्या आत सीएफईचा, म्हणजे धंद्यावरच्या स्थानिक कराचा, एक फॉर्म भरायचा असतो, तो सगळे विसरतात. वर्षाची विक्री 5,000 च्या आत राहिली तर किमान सीएफई लागत नाही.

अन्नाचे नियम वेगळे. दूध, तूप, अंडी, मांस यांचे पदार्थ विकणार म्हणजे डीडीपीपीकडे, अन्नाची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीकडे, कळवायला लागतं. 14 तासांचं हायजीनचं ट्रेनिंग कमर्शियल रेस्टॉरंटांना सक्तीचं आहे, तुझ्या प्रकाराला अक्षरशः लागू होवो न होवो, कर. तापमानाची वही कशी ठेवायची, भात किती वेळात थंड करायचा हे तिथे शिकवतात आणि भाताच्या बाबतीत आपल्याकडच्या सवयी धोक्याच्या आहेत, रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात घरी खातो तसा गिऱ्हाइकाला देता येत नाही. शांब्र दे मेतिएकडे, म्हणजे कारागिरांच्या सरकारी संस्थेकडे जाऊन तुझ्या पदार्थांची यादी दाखव, कारण इथे पाटिसरी (केक-मिठाई) म्हणून मोडणाऱ्या वस्तूंना डिप्लोमा किंवा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तुझे लाडू-करंज्या कशात धरतात ते त्यांच्याकडून लेखी घे.

आणि ॲलर्जी. युरोपात 14 गोष्टी गिऱ्हाइकाला सांगाव्याच लागतात आणि आपलं स्वयंपाकघर त्यातल्या निम्म्यांवर चालतं. शेंगदाणे, तीळ, काजू, दूध, गहू, हे सुचतं. मोहरीसुद्धा त्या यादीत आहे, म्हणजे तुझी प्रत्येक फोडणी. गोडा मसाल्यात तीळ. आणि बाजारातल्या हिंगाच्या डबीत बरेचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे "ग्लुटेन नाही" म्हणून बेसनाचं पिठलं विकलंस आणि त्यात हिंग घातलास तर ते खोटं ठरतं. सिलियाक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार, असलेल्या माणसाला त्याने खरोखर त्रास होतो. डबी उलटी करून वाच, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लाव, कंटाळा करू नकोस. आणि आरसी प्रो विमा, म्हणजे धंद्यातून गिऱ्हाइकाला झालेल्या नुकसानीचा विमा काढ, घराच्या विमा कंपनीलाही धंद्याचं कळव.

भाड्याच्या किचनमध्ये बनवून आठवडी बाजारात विकायचं असेल तर दुसऱ्या गावच्या बाजारासाठी फिरत्या विक्रेत्याचं कार्ड लागतं, 30 युरो, चार वर्षं चालतं, आणि जागा मेरीकडून मिळते. तुलूझच्या आसपास बाजार भरपूर आहेत. फ्रेंच गिऱ्हाईक एकदा साबुदाणा वडा खाऊन गेलं की परत येतं. नुसत्या आपल्या माणसांवर धंदा उभा करू नकोस, ती प्रेमाने येतात पण घासाघीसही तितक्याच प्रेमाने करतात.

वर्षाने गराज बांधशील तेव्हा वीज आधी बघ. इंडक्शनला स्वतंत्र 32 अँपिअरची लाइन आणि 6 चौरस मिलिमीटरची केबल, ओव्हनला वेगळी, फ्रिजला वेगळी. तुमच्या मीटरवर बहुतेक 6 किंवा 9 केव्हीए असेल, मोठी उपकरणं लावलीस तर 12 लागेल, त्याच्या वर गेलं की थ्री फेज आणि मग खर्च वाढतो. हूड बाहेर हवा फेकणारा घे, कोळशाच्या फिल्टरवाला आपल्या फोडणीपुढे टिकत नाही. पण तो जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी आत यायला वाट ठेवावी लागते. भिंतीतून बाहेर काढणार असशील तर तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको, लसणीच्या वासावरून झालेली भांडणं फार वर्षं चालतात. (अपार्टमेंटमधल्यांनी हूड बिल्डिंगच्या सामायिक व्हीएमसीच्या पाइपला कधीही जोडू नये, मनाई आहे आणि तुमचा धूर वरच्यांच्या बाथरूममध्ये जातो.)

भिंतींना आतून इन्सुलेशन करायचा विचार असेल तर मा प्रीम रेनोव्ह, म्हणजे ऊर्जा वाचवण्याचं सरकारी अनुदान, नुसत्या भिंतींच्या कामाला 2026 पासून मिळत नाही, पूर्ण घराच्या मोठ्या कामातच मिळू शकतं, आणि तेव्हाही अर्ज आधी, सही नंतर, आणि आर्तिझाँ आरजीईवाला, म्हणजे ऊर्जेच्या कामांचं प्रमाणपत्र असलेला हवा. नियम वर्षात अनेकदा बदलतात म्हणून फ्राँस रेनोव्ह या सरकारी सेवेच्या सल्लागाराला भेट, तो फुकट असतो. फोन करून "एक युरोत इन्सुलेशन" विकणाऱ्यांचा फोन ठेवून दे, ऊर्जा वाचवणाऱ्या कामांसाठी असे फोन करणं 2020 पासून बंदच आहे. जत्रेत किंवा प्रदर्शनात स्टॉलवर सही करू नकोस, तिथे 14 दिवसांत मागे फिरायचा हक्क नसतो.

बाबांचे पैसे. तू गेल्या दहा वर्षांत सहा वर्षांपेक्षा जास्त इथे राहिलीस, म्हणजे भारतातून मिळालेली भेटही इथल्या नियमात येते. घाबरू नकोस, आई किंवा वडील प्रत्येकाकडून दर 15 वर्षांत 100,000 युरोपर्यंत कर नाही, त्यामुळे 20 लाखांवर तुला काही भरायचं नाही. पण जाहीर करायचं, महिन्याभरात. भेट नसून उसने असतील तर 5,000 च्या वर तेही जाहीर करावं लागतं, बाबांनी एक साधं पत्र लिहून द्यावं की नक्की काय आहे. तिकडे एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस कापते, रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोवर पैसे अडकतात. म्हणून 10 बाबांच्या खात्यातून आणि 10 आईच्या, नाहीतर अर्धे 31 मार्चच्या आधी आणि अर्धे नंतर. आणि तुमची भारतातली खाती, एनआरई, एनआरओ, लग्नाआधीचं ते विसरलेलं सेव्हिंगसुद्धा, दरवर्षी इथल्या टॅक्सच्या वेळी 3916 नंबरच्या फॉर्ममध्ये लिहिता ना? नसाल तर यंदा लिहा, न लिहिलेल्या प्रत्येक खात्याला 1,500 युरो दंड आहे.

राहिला तो ओळखीचा माणूस. तुला वाटतंय की नाही म्हटलं तर नवऱ्याच्या मित्राला वाईट वाटेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते यासाठीच. नवऱ्याला पुढे कर, त्याच्या ओळखीतला आहे, आणि लांबण लावू नका. "दादा, तुमचा भाव चांगला होता पण आम्हाला बँकेला आणि विम्याला बिल दाखवायला लागणार आहे, तुम्ही नोंदणी करून देसेनाल काढलंत तर पुढच्या कामाला नक्की विचारू." एवढाच मेसेज पाठवा. त्याला खरंच नोंदणी करायची असली तर रस्ता तोच आहे जो तुला सांगितला, इनपीचा, लिंक पाठव त्याला, पण त्याच्या कामासाठी आर्तिझाँचं क्वालिफिकेशन किंवा तीन वर्षांचा अनुभव आणि विमा लागेल हेही सांग. आणि 6,000 दिलेले नाहीत ना अजून? दिले असतील तर आजच मला परत लिही.